तीन माणसांना लोंढा म्हणतात का?

पत्र :

ताई,

तुमचं सदर मी कॉलेजपासून वाचते, मला 'तू'च म्हणा. मी एकोणतीस वर्षांची आहे आणि एका व्हिडिओ वाहिनीसाठी टायटल आणि थंबनेलवरच्या ओळी लिहिते. या कामाला चार वर्षं झाली. सभांमधली भाषणं, स्थलांतरितांविषयीच्या बातम्या, चर्चा यांतून सगळ्यात जास्त 'चालेल' असं वाक्य शोधायचं आणि ते मोठ्या अक्षरांत लावायचं, हे माझं काम. 'लोंढा', 'घुसखोरी', 'आता सहन करणार नाही' असे शब्द लावले की व्ह्यूज चढतात, हे मी आकडे बघून बघून शिकले.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत राहायला आलेल्या एका स्थलांतरित कुटुंबाच्या घरावर रात्री दगड पडले. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीच्या कपाळाला टाके घालावे लागले. सकाळी दारावर रंगानं लिहिलेलं दिसलं, 'उद्या नाही, आजच'. त्याआधी दोन आठवडे मी एक टायटल दिलं होतं, 'आज सीमेवर, उद्या तुमच्या दारात'. दगड कुणी मारले ते अजून कळलेलं नाही. त्या माणसानं आमचा व्हिडिओ पाहिलाही नसेल. मी बॉसकडे विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "आपण कुणाला दगड मारायला सांगितलं का? लाखो लोकांनी पाहिला, मारला एकानं. एखादा माथेफिरू निघाला तर आपण काय करणार?" मला उत्तर सुचलं नाही.

त्या रात्री जेवताना माझा बावीस वर्षांचा भाऊ म्हणाला, "बरं झालं, कुणीतरी सुरुवात केली." आणि आपलं म्हणणं पटवून द्यायला त्यानं फोनवर जो व्हिडिओ दाखवला तो आमचाच होता. टायटल मी लिहिलंय हे त्याला माहीत नाही.

मी दोषी आहे का? नोकरी सोडू का? घर माझ्या पगारावर चालतं. आणि त्या कुटुंबाकडे जाऊन माफी मागू का?

एक टायटल लिहिणारी

उत्तर :

अगं, तुझ्या पत्रात तीन प्रश्न आहेत, पण मी आधी चौथ्याकडे वळते, जो तुझ्या बॉसनी विचारला आणि ज्याचं उत्तर तुला सुचलं नाही. "आपण कुणाला दगड मारायला सांगितलं का?"

हा प्रश्न न्यायालयातही विचारला गेला आहे. जर्मनीत न्यूरेंबर्गला १९४६ मध्ये नाझी नेत्यांवरच्या एकाच खटल्यात शब्दांचा धंदा करणारे दोघे आरोपी होते. ज्युलिउस श्ट्राइखर 'डेर श्ट्युर्मर' हे ज्यूद्वेष्टं साप्ताहिक काढायचा. छळछावण्या चालवणाऱ्यांपैकी तो नव्हता. पण वर्षानुवर्षं त्यानं ज्यूंना जंतू आणि रोग म्हणून लोकांसमोर मांडलं, आणि त्यासाठी त्याला फाशी झाली. दुसरा हान्स फ्रित्शे, नाझी रेडिओवरचा घराघरांत ओळखीचा आवाज. तो निर्दोष सुटला. जर्मन जनतेला अत्याचारांसाठी चिथावणं हा त्याच्या भाषणांचा हेतू होता, असं न्यायाधीशांना वाटलं नाही. पण गोष्ट तिथं संपली नाही. पुढच्याच वर्षी नाझीवादाचा हिशोब करण्यासाठी नेमलेल्या जर्मन न्यायालयानं त्याच फ्रित्शेला नऊ वर्षांची शिक्षा सुनावली. एकच माणूस आणि एकच आवाज, तरी मोजमाप बदललं तसा निकाल बदलला.

तेव्हा कायद्याच्या मोजमापानं तू दोषी आहेस का, याचं माझं उत्तर 'नाही' असं आहे. पण तू मला वकील म्हणून लिहिलेलं नाहीस. तुझे शब्द आणि तो दगड यांच्यात काही दोरा आहे का, हे तुला जाणून घ्यायचंय. दोरा आहे. तो कसा असतो ते नीट समजून घे, म्हणजे नसलेला भार तू उचलणार नाहीस आणि जो आहे तो टाकणार नाहीस.

तुझ्या बॉसचं म्हणणं एका अर्थी खरं आहे. द्वेषाची माध्यमं 'मारा' असं क्वचितच सांगतात. ती सांगतात, 'तुम्हाला मारायला येताहेत.' हे वाक्य एकदा मनात बसलं की दगड उचलणाऱ्याला आपण हल्ला करतोय असं वाटतच नाही. आपण घर राखतोय असं वाटतं. अतिउजव्या हिंसाचाराच्या गेल्या काही वर्षांतल्या घटना बघ. २०११ मध्ये नॉर्वेत ७७ माणसं मारणाऱ्यानं न्यायालयात कृत्य कबूल केलं, पण गुन्हा नाकारला, कारण त्याच्या मते ते स्वसंरक्षण होतं. तिथं मेलेले बरेचसे एका पक्षाच्या युवक शिबिरातली किशोरवयीन मुलं होती. २०१८ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, ११ जणांना मारणाऱ्यानं आधी लिहिलं होतं की निर्वासितांना मदत करणारी एक ज्यू संस्था 'आक्रमकांना' आत आणतेय. २०१९ च्या मार्चमध्ये न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ जण मारले गेले. मारेकऱ्याच्या निवेदनाचं शीर्षक एका फ्रेंच लेखकानं रूढ केलेली कल्पना होती : आपल्या लोकांना हटवून त्यांच्या जागी मुद्दाम दुसरे लोक आणले जाताहेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात एल पासोच्या हल्ल्यात २३ जण गेले, आणि त्या मारेकऱ्यानं क्राइस्टचर्चचा हवाला देऊन टेक्सासवरच्या 'आक्रमणा'विषयी लिहिलं. २०२२ मध्ये बफेलोत कृष्णवर्णीयांच्या वस्तीत १० जणांना मारणाऱ्यानं क्राइस्टचर्चच्या मजकुरातले उताऱ्यामागून उतारे उचलले होते.

यांची नावं मी लिहीत नाही. त्यांना नाव हवं होतं, आणि पुढचा ते नाव वाचतो. शब्द मात्र वाच. आक्रमण, अदलाबदल, घुसखोरी. जमिनीचा शोध घेत आलेली, रांगेत उभी राहणारी, मुलांना शाळेत घालणारी माणसं या शब्दांत सैन्य होतात. आणि सैन्य म्हटलं की त्यात नागरिक उरत नाहीत, आठ वर्षांची मुलगीही उरत नाही.

हे शब्द फक्त आंतरजालाच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत होते असंही नाही. एल पासोच्या आधीच्या महिन्यांत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या प्रचाराच्या फेसबुक जाहिरातींत 'आक्रमण' हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. एल पासोच्या मारेकऱ्यानं आपली मतं त्या नेत्याच्या आधीपासूनची आहेत असं लिहून ठेवलं, आणि पिट्सबर्गच्या मारेकऱ्याला तो नेता पुरेसा कडवा वाटत नव्हता. म्हणजे नेत्यानं बोट दाखवलं आणि अनुयायी धावला इतकं हे सरळ नसतं. मोठ्या व्यासपीठावरून तो शब्द आला की घडतं ते वेगळंच. काल जे बोलायला माणूस आजूबाजूला बघायचा, ते आज जेवणाच्या ताटावर बोलता येतं. तुझ्या भावानं 'बरं झालं' म्हटलं तेव्हा त्याला आवाज खाली घ्यावासा वाटला नाही, याचं मला सगळ्यात जास्त दुःख झालं.

माणसाला माणूस न म्हणण्याचा परिणाम मोजताही आला आहे. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७५ मध्ये सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना सांगितलं की पलीकडच्या खोलीतल्या गटानं चुकीचा निर्णय घेतला की त्यांना विजेचा झटका द्यायचा, किती जोराचा ते तुम्ही ठरवा. झटके खरे नव्हते, विद्यार्थ्यांना ते माहीत नव्हतं. सुरुवातीला त्यांच्या कानावर पलीकडच्या गटाविषयी एक शेरा पडेल अशी व्यवस्था होती. काहींना तो गट समंजस असल्याचं ऐकू आलं, काहींना 'जनावरांसारखे आहेत' असं, काहींना काहीच नाही. 'जनावरं' ऐकलेल्यांनी सगळ्यात जोराचे झटके दिले. कुणी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं. एक शेरा कानावर पडला, एवढंच झालं होतं. तुझं टायटल म्हणजे तोच शेरा, व्हिडिओ सुरू होण्याआधी कानावर पडणारा.

जर्मनीत कार्स्टन म्युलर आणि कार्लो श्वार्झ या अर्थतज्ज्ञांनी २०१५ नंतरच्या निर्वासितविरोधी हल्ल्यांचा अभ्यास केला. एका अतिउजव्या पक्षाच्या फेसबुक पानावर निर्वासितांविरुद्धचा मजकूर वाढला की जिथं फेसबुकचा वापर जास्त, तिथं हल्लेही जास्त होताना दिसत. यावर तुझे बॉस म्हणतील, 'तिथले लोक आधीच तसे असतील.' त्याचं उत्तर अभ्यासात आहे. एखाद्या भागात इंटरनेट किंवा फेसबुक बंद पडलं की त्या काळापुरता हा संबंध विरून जायचा. लोक तेच, राग तोच. फक्त रोजचं तेल येत नव्हतं.

"लाखो लोकांनी पाहिला, मारला एकानं." हो. लाखांतला तो एक कोण, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि म्हणूनच त्याला हात झटकता येतात. पण ज्याला रोज लाखोंशी बोलायचंय त्याला त्या एकाला गर्दीतून वगळून बोलता येत नाही. तो प्रेक्षकांत आहे हे गृहीत धरूनच बोलावं लागतं.

आता दुसरी बाजू, कारण ती न सांगता तुला दोष वाटून देणं अन्याय होईल. जानेवारी २०११ मध्ये अमेरिकेत टूसाँ इथं काँग्रेस सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्यावर गोळीबार झाला आणि सहा माणसं मेली. काही तासांत लोकांनी दोष एका राजकीय नकाशावर टाकला, ज्यावर मतदारसंघांवर बंदुकीच्या नेमाच्या खुणा काढल्या होत्या. पुढे तो मारेकरी गंभीर मानसिक आजारी असल्याचं समोर आलं, आणि त्यानं तो नकाशा पाहिल्याचाही पुरावा मिळाला नाही. नकाशा वाईटच होता. पण त्या हल्ल्याचं कारण तो नव्हता. तुझ्या गल्लीतल्या दगडाविषयी तुला जे माहीत नाही ते माहीत नाही असंच ठेव. 'उद्या' हा शब्द दोन्हीकडे आहे, एवढ्यावरून तू स्वतःला गुन्हेगार ठरवू नकोस. अशा खात्रीतून माणूस स्वतःला शिक्षा देत बसतो आणि काम राहून जातं.

आफ्रिकेतल्या र्‍वांडामधल्या वंशसंहाराचं उदाहरण लोक नेहमी देतात, मीही देते, पण पूर्ण देते. आरटीएलएम हे रेडिओ केंद्र जुलै १९९३ मध्ये सुरू झालं आणि तिथल्या अल्पसंख्य तुत्सी समाजाला झुरळं म्हणत राहिलं. एप्रिल १९९४ पासून शंभरेक दिवसांत लाखो माणसं मारली गेली. पुढे संशोधक स्कॉट स्ट्राउस यांनी तुरुंगातल्या दोनशेहून अधिक मारेकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांत बहुतेकांनी सांगितलं की आपण रेडिओ ऐकून बाहेर पडलो नाही. कुणीतरी दारावर आलं, गावचा पुढारी, शेजारी, गट. रेडिओनं हवा तयार केली होती, हाक मात्र ओळखीच्या माणसानं दिली. हे मी तुला तुझ्या भावासाठी सांगतेय. तो काय बघतो यापेक्षा कुणाबरोबर बसून बघतो, हे जास्त महत्त्वाचं असू शकतं.

त्याच केंद्रावरचा एक निवेदक तुला सांगायला हवा. जॉर्ज रुज्यू हा मूळचा बेल्जियमचा, सरकारी नोकरी केलेला, पत्रकारितेचा अनुभव नसलेला माणूस. १९९४ च्या सुरुवातीला तो तिथं निवेदक म्हणून लागला. केंद्राचं धोरण त्यानं ठरवलं नव्हतं, केंद्र त्यानं काढलं नव्हतं. पण २००० मध्ये त्यानं आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे गुन्हा कबूल केला आणि त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली. तुझी त्याच्याशी तुलना करत नाही. तू जे करतेस त्यात आणि त्यात फार मोठं अंतर आहे. पण 'मी फक्त पगारी माणूस' हे वाक्य किती अंतरापर्यंत पुरतं, हे त्याच्याकडे बघून कळतं.

मीही या धंद्यातली. तरुणपणी एका दैनिकाच्या डेस्कवर होते. निर्वासितांविषयीच्या एका बातमीला रात्री उशिरा मी मथळा दिला आणि त्यात 'लोंढा' लिहिलं. शब्द लहान, कॉलममध्ये बसणारा, म्हणून. दुसऱ्या दिवशी एका बाईंचा फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, "आम्ही तिघं आलो. मी, नवरा आणि मुलगी. तीन माणसांना लोंढा म्हणतात का?" मी काहीतरी पुटपुटले, जागा कमी होती वगैरे. त्यांनी 'बरं' म्हणून फोन ठेवला. माफी मागायची मला त्या क्षणी सुचली नाही, आणि मग त्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता.

म्हणून नोकरीविषयी माझं मत ऐक. उद्याच राजीनामा देऊ नकोस. घर तुझ्यावर आहे, आणि तू गेलीस की त्या खुर्चीवर असा कुणी येईल ज्याला हे पत्र लिहावंसं वाटणार नाही. पण 'मी नाही तर दुसरं कुणी लिहील' हे वाक्य थांबण्याचं कारण म्हणून वापरू नकोस. साखळीतली प्रत्येक कडी हेच म्हणते. थांबायचं तर काही वेगळं करण्यासाठी थांब.

वेगळं म्हणजे काय, ते तुझ्या कामाच्या भाषेत सांगते. पाणी, कीड आणि युद्ध यांचे शब्द माणसांना लावू नकोस. 'हजारो घुसले' असं कुणी म्हणालं तर किती, कधीपासून, आधीच्या वर्षी किती, हे विचार. उत्तर नसेल तर आकडा टायटलमध्ये जात नाही. गुन्ह्याच्या बातमीत संशयिताचा समाज ठळक अक्षरांत टाकण्याआधी स्वतःला विचार, तो आपल्यातला असता तर टाकला असता का? आणि बातमी कच्ची असेल तर थांब. २०२४ च्या जुलैत इंग्लंडमध्ये साउथपोर्टला नृत्यवर्गातल्या तीन लहान मुलींचा खून झाला. हल्लेखोर होडीतून आलेला आश्रयार्थी आहे अशी अफवा काही तासांत लाखोंपर्यंत गेली. तो वेल्समध्ये जन्मलेला होता. तोवर साउथपोर्टच्या मशिदीवर जमाव चालून गेला होता, आणि आठवड्याच्या आत रॉदरहॅममध्ये आश्रयार्थी राहत असलेल्या हॉटेलला आत माणसं असताना आग लावायचा प्रयत्न झाला. पहिल्या त्या तासांत जे कुणी अफवेला प्रश्नचिन्ह लावून टायटल करत होते, 'हल्लेखोर घुसखोर?', त्यांना वाटलं असेल की प्रश्नचिन्हानं आपण सुटलो.

आणि क्लिप. हे तुझ्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार आहे. जर्मनीत कासेलच्या भागातले वरिष्ठ अधिकारी वाल्टर ल्युब्के ऑक्टोबर २०१५ मध्ये एका सभेत निर्वासितांच्या निवासाविषयी लोकांना समजावत होते. सभेत काही जण मुद्दाम ओरडून अडथळा आणत होते. त्यांना ते म्हणाले की मदत करण्याची मूल्यं ज्यांना मान्य नाहीत ते हा देश सोडून जाऊ शकतात, तेवढं स्वातंत्र्य प्रत्येक जर्मनाला आहे. तेवढाच तुकडा कापून चढवला गेला. ओरडणारे त्यातून गेले, सभा गेली, उरलं एवढंच की एक अधिकारी आपल्याच लोकांना देश सोडा म्हणतोय. ती क्लिप वर्षानुवर्षं फिरत राहिली. २०१९ च्या सुरुवातीला ती पुन्हा वर आली, धमक्याही आल्या. जूनमध्ये त्यांच्या घराच्या ओट्यावर त्यांच्या डोक्यात गोळी घालण्यात आली. मारणारा त्या सभेत होता. २०२१ मध्ये त्याला जन्मठेप झाली. साडेतीन वर्षं एक तुकडा एका माणसाकडे बोट दाखवत राहिला. म्हणून क्लिपबरोबर तारीख लाव, आधीचं वाक्य ठेव, आणि पूर्ण भाषण कुठं आहे ते सांग. आणि ज्या व्यक्तीला आधीच धमक्या येताहेत तिची जुनी क्लिप पुन्हा काढायला सांगितलं तर तोंडावर नकार दे.

तुझ्या जुन्या टायटल्सपैकी जी बदलता येतील ती बदल. 'उद्या तुमच्या दारात' आजच बदल. बॉसना विचारून बदल, लेखी विचार. ते नाही म्हणाले तर तेही लेखी राहू दे. डेस्कवर तुझ्यासारखं अस्वस्थ आणखी कुणीतरी नक्की असेल, त्याला शोध. दोघांनी मिळून दिलेला नकार एकटीच्या नकारापेक्षा टिकतो. तीन महिने दे. या काळात दुसरी नोकरी शोधत राहा. आणि त्या मुलीला टाके पडल्यानंतरही तसाच शब्द पुन्हा लावायला सांगितलं, तुझं ऐकलं नाही, तर तीन महिने थांबू नकोस. पैशांची ओढाताण होईल. होऊ दे. घरात सगळ्यांना कारण सांग, भावालासुद्धा.

भावाशी बोलायचं सगळ्यात अवघड आहे, म्हणून त्याच्यावर जरा वेळ घालवते. त्याला आकडेवारी ऐकवू नकोस, लेख पाठवू नकोस. तो तयारीत आहे, तुझ्या प्रत्येक लेखाला त्याच्याकडे व्हिडिओ आहे. पण जगातल्या कुठल्याही तथ्यतपासणाऱ्याकडे नाही ते तुझ्याकडे आहे. त्याला शेजारी बसव आणि सांग, 'हे टायटल मी लिहिलं.' मग कसं लिहिलं ते दाखव. मूळ चाळीस मिनिटांची चित्रफीत, त्यातली निवडलेली बारा सेकंदं, आधीची तीन टायटल्स जी चालली नाहीत, चौथं जे चाललं, आणि ते का चाललं. त्याच्या रागावर कुणाचा पगार झाला ते आकड्यासकट दाखव, तुझ्याही पगाराचा. तो तुझ्यावर चिडेल. तुला 'विकली गेलेली' म्हणेल. चिडू दे. एखाद्याला फसवणारा परका असला की माणूस फसवणूक नाकारतो. सख्खी बहीण सांगतेय म्हटल्यावर नाकारणं कठीण जातं.

मग विचार, तुला कशाची भीती वाटते? 'भीती नाही, राग आहे' म्हणेल. पुन्हा विचार. काम मिळत नाही, मित्र पांगले, कुणी किंमत देत नाही, काहीतरी निघेल. त्या खऱ्या दुखण्याला उत्तर शोधायला त्याच्याबरोबर उभी राहा. त्याचे विचार बदलेपर्यंत घराचं दार बंद करू नकोस. १९९० च्या दशकाच्या शेवटी नॉर्वे आणि स्वीडनमध्ये आणि २००० मध्ये जर्मनीत 'एक्झिट' नावानं काम सुरू झालं, नवनाझी गटांतून बाहेर पडू पाहणाऱ्यांना हात देण्यासाठी. वाद जिंकून कुणाला बाहेर काढणं हे त्यांचं काम नसतं. बाहेर आल्यावर राहायला, काम करायला, बोलायला जागा आहे, हे ते दाखवतात. तुझा भाऊ त्या टोकाला गेलेला नाही. त्याच्यासाठी ती जागा अजून तुमचं घरच आहे.

तरीही एक गोष्ट कठोरपणे सांगते. एकट्यानं दहशतवादी हल्ला केलेल्या किंवा करू पाहणाऱ्या ११९ जणांचा पॉल गिल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. त्यांत सुमारे ६४ टक्के प्रकरणांत घरच्यांना किंवा मित्रांना त्याचा इरादा आधी कळलेला होता, कारण त्यानं स्वतःच तो बोलून दाखवला होता. बहुतेकांना वाटलं असणार, बोलतोय नुसता. 'बरं झालं' हे मत आहे, वाईट मत. पण तो एखाद्या घराचं, माणसाचं, दिवसाचं नाव घेऊ लागला, मारेकऱ्यांचं कौतुक करू लागला, हत्यार किंवा पेट्रोल जमवू लागला, निरोप घेतल्यासारखं बोलू लागला, तर ते मत राहत नाही. तेव्हा तू एकटीनं सांभाळायचं नाही. घरातल्या मोठ्यांना सांग, आणि गरज पडली तर पोलिसांना. भावाविरुद्ध जाणं वाटेल. त्याला खुनी होण्यापासून अडवणं हे बहिणीचंच काम आहे.

आता ते कुटुंब. जा. पण माफीची पिशवी घेऊन पहिल्या दिवशी जाऊ नकोस. ते घाबरलेले आहेत, मुलीचे टाके ओले आहेत, अशात दारात आलेल्या परक्या बाईच्या अपराधाचं ओझं त्यांनी का सावरावं? तुझं मन हलकं होईल, त्यांना मात्र आणखी एक भीती मिळेल की टायटल लिहिणारी इथंच राहते. आधी शेजारीण म्हणून जा. काय लागतंय ते विचार. पोलिसांत तक्रार झाली का, भाषेची अडचण आहे का, कुणी सोबत यायला हवंय का. त्या रात्री काही ऐकलं, पाहिलं असेल तर साक्ष दे. मुलीला शाळेत सोडताना भीती वाटत असेल तर चार दिवस बरोबर चाल. गल्लीतल्या आणखी दोन-तीन घरांना बरोबर घे. तू एकटी गेलीस तर ती दया दिसेल, चार घरं गेली तर दगड मारणाऱ्यालाही दिसेल की हे घर एकटं नाही.

ओळख झाली, विश्वास बसला, की एक दिवस खरं सांग. ते काय म्हणतील ते त्यांचं. कदाचित क्षमा करणार नाहीत, तीही त्यांची मुभा आहे. १९६८ मध्ये बर्लिनमध्ये विद्यार्थी नेता रुडी डुटश्के याच्यावर एका तरुणानं गोळ्या झाडल्या. त्या तरुणाजवळ एका अतिउजव्या वृत्तपत्राचं कात्रण सापडलं होतं, 'डुटश्केला आत्ताच थांबवा' अशा अर्थाचं. डुटश्के वाचला, आणि पुढे त्यानं तुरुंगातल्या त्या तरुणाला पत्रं लिहिली, आपल्या मनात वैयक्तिक राग नाही म्हणून. ती त्याची देणगी होती, मागून मिळणारी नव्हती. आणि ते कात्रण ज्यानं लिहिलं त्यानं डुटश्केला कधी पत्र लिहिल्याचं मी वाचलेलं नाही. तुला ती संधी आहे, तीही चार घरं सोडून.

भावाशी बोलणं झालं की मला लिही, चांगलं झालं नाही तरी लिही. आणि त्यांच्या दारावरचा रंग पुसायला जाल तेव्हा आधी त्याचे फोटो काढा, पोलिसांना लागतील.